मुळं बघणाऱ्या बाई

दिल्लीत भाड्याचं घर शोधत हिंडताना घरमालकांनी मला काय काय विचारलं नाही! पगार किती, लग्न का नाही, अंडी खाता का, भेटायला कोण कोण येणार. इंद्रपुरीतल्या ह्या घरमालकीण बाईंनी मात्र दार उघडलं, चष्म्यावरून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकच प्रश्न टाकला.

"जंताचं औषध शेवटचं कधी घेतलंस?"

मी गांगरून म्हटलं, "शाळेत असताना."

"म्हणजे पुन्हा घ्यायला झालंय. वर खोली आहे, पुढे गच्ची आहे. गच्चीतल्या कुंड्यांना हात लावायचा नाही आणि बाहेरची माती घरात आणायची नाही. मंजूर असेल तर आत ये, चहा टाकते."

मला मंजूर होतं. गुडगावच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाचा मातीशी संबंध तरी काय येणार, असं मला वाटलं. त्या घरात मी पाच-सहा वर्षं काढली. आज मी पुण्यात राहते, पण मेथीची जुडी हातात आली की अजून आधी मुळं बघते, आणि भाजीवाली माझ्याकडे बघते.

बाई शेतकी संशोधनातून निवृत्त झालेल्या. विषय सूत्रकृमी. म्हणजे दोऱ्यासारखे गोल, बारीक किडे, इंग्रजीत निमॅटोड. नुसत्या डोळ्यांना बहुतेक दिसतच नाहीत, आणि जे दिसतात त्यांना आपण जंत म्हणून नावं ठेवतो. बाईंनी लग्न केलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या किड्यांच्या काही जातींत नर लागतच नाही. माद्यांचं सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. मी त्यांच्यातच जास्त राहिले." समोरच्या बाईचा चेहरा उतरायचा आणि विषय बदलायचा.

बुटकी मूर्ती, सुती साडी, पायात मुलांच्या मापाचे स्पोर्ट शूज. खांद्यावरच्या पिशवीत पैशाच्या पाकिटाशेजारी एक जेवणाचा चमचा आणि प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या कायम असायच्या. जिथे जातील तिथली चमचाभर माती उचलल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे. एकदा छत्तरपूरला कुणाच्या तरी लग्नात बाई अचानक दिसेनाशा झाल्या. बघते तर लॉनच्या कडेला गुडघे टेकून चमच्याने उकरतायत आणि वर सिक्युरिटी गार्ड हात जोडून उभा. "आंटी जी, टोना-टोटका घर जाके करो. मेरी नौकरी चली जाएगी." बाईंनी त्याला शेजारी बसवलं आणि लॉनच्या मुळांशी कोण कोण राहतं ते सांगायला सुरुवात केली. नवरा-नवरीचे हार घालून झाले, जेवणं उठली, तरी तो बिचारा तिथेच.

भाजीवाल्याकडे हाच प्रकार. मेथी, पालक, मुळा, काहीही असो, पानांकडे बाई ढुंकून बघत नसत. जुडी उलटी धरायची, झटकायची, भिंगातून मुळं बघायची. आमचा भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला, "मैडम जी, सब्जी लेनी है या पोस्टमार्टम करना है?"

"पहले पोस्टमार्टम, भैया. फिर सब्जी."

घरात आम्ही दोघीच राहत नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात मातीच्या पिशव्या होत्या. जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप, त्याच्यावर क्रोशाचं झाकण. स्वयंपाकघरात दोन गाळण्या, त्यातल्या एकीला लाल दोरा बांधलेला. लाल दोऱ्याची गाळणी मातीची. तिच्यात टिश्यू पेपर अंथरायचा, त्यावर माती पसरायची आणि ती बशीतल्या पाण्याला जेमतेम टेकेल अशी ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मातीतले जिवंत किडे कागदातून वाट काढून खाली पाण्यात उतरलेले असतात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या तेव्हा मी हाताला आली ती गाळणी घेतली आणि सगळ्यांना आल्याचा चहा पाजला. नंतर कळल्यावर मी धावत बाईंकडे गेले. बाई शांत. "चहा उकळला होतास ना चांगला? मग काय. ते गेले बिचारे, तुम्हाला काही होत नाही."

त्या रविवारी त्यांनी मला पहिल्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावायला दिला. मी नाक मुरडतच वाकले. प्रकाशाच्या गोलात काचेच्या धाग्यासारखं काहीतरी वळवळत होतं. इतकं स्वच्छ, इतकं आरपार, की त्याच्या पोटातलं जेवणसुद्धा दिसत होतं. मला किळस यायला हवी होती, ती आलीच नाही.

"हाड एकही नाही," बाई मागून सांगत होत्या. "आत दाबून भरलेलं पाणी, त्याच्यावरच उभा डोलारा. स्नायू आहेत ते फक्त लांबीचे. म्हणून सरळ चालता येत नाही, सारखं नागमोडी."

"हृदय?"

"नाही."

"फुप्फुसं?"

"नाही. कातडीतूनच श्वास. तोंड आहे, पोट आहे, पोरंबाळं आहेत. एवढ्यावर समुद्राच्या तळापासून हिमालयापर्यंत संसार थाटलाय ह्यांनी. मोठं होताना चारदा कात टाकतात. काही तर सुकून वर्षानुवर्षं पडून राहतात आणि पाण्याचा थेंब मिळाला की उठून कामाला लागतात. आपल्याला रविवारची झोप झाली तरी उठवत नाही."

पृथ्वीवरच्या प्राण्यांची डोकी मोजली तर त्यात सगळ्यात जास्त हेच भरतील, असं त्या सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा मुलाचा पहिला नंबर आल्यासारखा व्हायचा.

पण एक सल होता. नोकरीभर त्यांना अभ्यास करावा लागला तो पिकांची नासधूस करणाऱ्या जातींचा. सरकारला त्याच जाती ठाऊक. "गल्लीत एक घर चोराचं निघालं म्हणून पोलीस रोज तिथंच. बाकीची गल्ली काय करते हे बघायला कुणाला वेळ नाही," असं त्या तावातावाने म्हणायच्या. बाकीची गल्ली म्हणजे मातीतले जिवाणू खाणारे किडे, जे खाल्लेल्यातला जास्तीचा नायट्रोजन बाहेर टाकतात आणि झाडांची पंगत बसते. बुरशी खाणारे वेगळे. ह्या सगळ्यांवर टपून बसलेले शिकारी वेगळे. आणि त्या शिकाऱ्यांनाही फास टाकून पकडणारी बुरशी असते, हे ऐकल्यावर मी दोन दिवस गच्चीतल्या कुंड्यांकडे जरा जपूनच बघत होते. निवृत्त झाल्यावर बाईंनी चोर सोडून दिले आणि ह्या सज्जनांच्या मागे लागल्या.

चोराची एकच कुंडी त्यांनी ठेवली होती. गच्चीच्या कोपऱ्यात, विटांवर, टोमॅटोचं एक रडकं झाड. त्याच्या मुळांवर गाठीच गाठी. सुईसारख्या तोंडाचे हे किडे मुळात शिरतात, तिथेच बस्तान मांडतात, माद्या फुगून टम्म होतात आणि मुळाला गाठी येतात. झाडाला पाणी मिळत नाही, भर दुपारी मान टाकतं. कधी विद्यार्थी आले तर त्यांना दाखवायला ही कुंडी. "जुना वैरी आहे. अधूनमधून बघावंसं वाटतं," बाई म्हणायच्या.

सुभेदार आणि शालनवहिनी बाईंच्या आयुष्यात आले ते चांगल्या किड्यांमुळे. सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे, दिल्लीच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेले. मुलगी दिल्लीत नर्सिंगला, म्हणून गावी न जाता मानेसरच्या पुढे थोडी जमीन भाड्याने घेऊन त्यांनी रोपवाटिका टाकली होती. एका पावसाळ्यात त्यांच्या वाफ्यांत हुमणी लागली. मुळं कुरतडणाऱ्या त्या जाड पांढऱ्या अळ्यांपुढे औषधं थकली, तेव्हा कुणीतरी त्यांना बाईंचा पत्ता दिला. बाईंनी डब्यात वाढवलेले सूत्रकृमी पाण्यात कालवून दिले. हे किडे हुमणीच्या अंगात शिरतात आणि तिला आतून संपवतात. पंधरवड्यात वाफे मोकळे झाले.

आभार मानायला दोघं घरी आली. सोबत पोतंभर दोडके, भेंडी, काकड्या. शालनवहिनी पहिल्यांदाच घरी आलेल्या, सवाष्ण बाई, ओटी न भरता पाठवायची कशी? आता बाईंच्या घरात नारळ नाही, खण नाही, तांदूळही त्या दिवशी संपलेले. बाईंना देवाधर्माचं फार नव्हतं, पण आईची शिकवण कुठेतरी आत होती. त्या गच्चीवर गेल्या आणि पानांनी भरलेलं हळदीचं रोप मातीच्या गड्ड्यासकट उपटून घेऊन आल्या.

"कुंकू आहे, हळद ही अशी. चालेल?"

वहिनींनी पदर पसरून ते घेतलं. "बाई, असली वटी कुणाची भरली नसंल आजवर."

मीही हसत उभी होते. मातीचा गड्डा पदरात पडताना मी पाहिला, आणि बाहेरची माती घरात न आणण्याचा नियम ठाऊक असूनसुद्धा घरातली माती बाहेर जातेय हे काही माझ्या लक्षात आलं नाही. बाईंच्याही नाही.

त्यानंतरच्या संक्रांतीला दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी फर्मान काढलं की ह्या वेळी हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या नि प्लास्टिकचे डबे बंद, वाण म्हणून रोपं द्यायची. द्वारकेपासून नोएडापर्यंतच्या मराठी बायका त्या हळदीकुंकवाला येतात. टोमॅटो, वांगी, मिरची, सगळी रोपं सुभेदारांकडून घेतली. वहिनींनी प्रत्येक कुंडीला हळदीकुंकवाची बोटं लावली होती. त्यांच्यासाठी ते वर्षातलं सगळ्यात मोठं काम होतं, आणि पुढच्या गणपतीची फुलंही त्यांच्याकडूनच घ्यायची असं ठरून गेलं.

माझं वाणाचं वांगं बाईंनी गेटच्या आत येऊ दिलं नाही. ते कंपाउंडच्या भिंतीवर बसलं. मार्चअखेर त्याने दुपारी मान टाकायला सुरुवात केली. मी पाणी घालून थकले. एका सकाळी बाईंनी ते उपटलं, झटकलं, आणि भिंगाची गरजच पडली नाही. मुळं जपमाळेसारखी गाठाळली होती.

तोवर मंडळाच्या ग्रुपवर आग लागली होती. कुणाची मिरची पिवळी, कुणाचे टोमॅटो खुरटे, कुणाच्या शेजारच्या कुंडीतली तुळससुद्धा गेली. सेक्रेटरीबाईंनी लिहिलं, 'बिल्कुल फ्रॉड निकला यार. रोगट माल आपल्याला खपवला.' गणपतीच्या फुलांचं काम काढून घेतलं. ते वाचून बाई म्हणाल्या, "गाडी काढ."

मानेसरच्या कारखान्यांच्या बसमागून रांगत आम्ही पोचलो तेव्हा सुभेदार पॉलिहाउसच्या दारात उभे होते. अंगावर फौजेतला जुना स्वेटर, एप्रिलच्या उन्हात. आत काकडीचे वेल ओळीने झोपले होते. "मॅडम, जमीनमालक गोदामवाल्याला द्यायला टपलाय. म्या बी म्हणलं, घे. आमी गावाकडं जातो. पोरीला हॉस्टेलवर ठिवावं लागंल, नायतर सोडवावं लागंल कॉलेज." सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. वहिनी पाठ फिरवून उगाच एक नळी गुंडाळत होत्या.

बाई वाफ्यामागून वाफा मुळं उपटत चालल्या. एका टोकाला गाठी विरळ, जसजसं पुढे जावं तशा दाट. शेवटच्या कोपऱ्यात, जिथून रोपं कुंड्यांत भरली जात, तिथे तर मुळं ओळखू येत नव्हती. त्या कोपऱ्यात विटांचं छोटंसं आळं केलं होतं आणि त्यात हळदीचे नुकते कोंब वर येत होते. बाईंनी एक गड्डा उकरला. बोटांनी माती पुसली.

"ही हळद कुठून आणली?"

 वहिनी हळूच म्हणाल्या, "तुमीच तर वटीत घातली व्हती, बाई. शुभाची म्हणून रोपांच्या तोंडाशी लावली."

बाई बांधावर बसल्या. मला त्यांच्या गच्चीचा तो कोपरा दिसला. विटांवरची चोराची कुंडी, तिच्या बुडातून पाझरणारं पावसाचं पाणी, आणि खाली उताराला हळदीची कुंडी. त्या पाण्यातून किडे हळदीत आले, हळदीतून ओटीत, ओटीतून वाफ्यात, वाफ्यातून वाणात. बाईंनाही तेच दिसत असणार. 

सुभेदारांना सगळं कळलं आणि त्यांनी पहिलं काय केलं, तर बाईंना पाणी आणून दिलं. "मॅडम, ती हळद म्या आत्ताच जाळतो. इषय संपला. आमाला चार लोकं काय म्हणायचं ते म्हणून झाले. तुमचं नाव कशाला त्यात?"

परतीच्या वाटेवर बाईंनी पिशवीतला चमचा एकदाही बाहेर काढला नाही.  टोलनाक्याशी आल्यावर म्हणाल्या, "माझ्याकडे आहे काय गं दुसरं? लोक लांबून लांबून मुळं घेऊन माझ्याकडे येतात, तेवढंच. उद्या म्हणतील, हिच्याच घरातनं रोग निघाला."

मला त्यांची फार दया आली. मी म्हटलं, "सुभेदार म्हणतात तसं करू या ना. कुणाला कळणार आहे?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गिअर चुकले. "त्यांची पोरगी कॉलेज सोडणार आणि मी घरी बसून नाव जपू? चैत्रगौरीचं हळदीकुंकू कधी आहे तुमचं?"

ते पहाडगंजच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये होतं. गौर सजलेली, कैरीची डाळ, पन्हं, मोगऱ्याचे गजरे, पंखे गरगरून गरम हवा फिरवणारे. बाईंना अशा समारंभाची बोलावणी सहसा येत नसत आणि आल्या तर कुंकू लावायचं की नाही ह्या विचाराने बायका घोटाळत. त्या दिवशी त्या न बोलावता आल्या, काखेत मायक्रोस्कोप. सोबत मी आणि अंग चोरून घेतलेल्या शालनवहिनी. पन्ह्याचे पेले बाजूला सारून बाईंनी टेबलावर मायक्रोस्कोप मांडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"तुमच्या कुंड्यांत जे किडे गेलेत त्यांचं माहेर माझी गच्ची आहे. मी ओटीत जी हळद दिली तिच्यातून ते सुभेदारांच्या वाफ्यात गेले. त्यांनी कुणालाही फसवलेलं नाही. फसवलंच असेल तर मी त्यांना. म्हणून मी माफी मागायला आले आहे. ह्यांची आधी, मग तुमची."

आणि त्या खरोखरच वळून वहिनींसमोर वाकल्या. वहिनींनी "अवं बाई, अवं बाई" करत त्यांचे हात धरले.

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "पण तुम्ही तर एक्सपर्ट ना ह्यातल्या?"

"हो. म्हणून तर माझी चूक जास्त मोठी."

 मोगरा माळलेल्या एका मुलीने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि किंचाळली, "अय्या, हा तर नाचतोय!" झालं. बाई माफी विसरल्या. त्यातला चोर कुठला, सज्जन कुठला, तोंड बघा, सुई दिसते का, शेपटी बघा. जरीच्या साड्यांची रांग लागली. गौरीसमोर कुणी नव्हतं, सगळ्याजणी टेबलाशी. जाताना प्रत्येकीला बाईंनी बजावलं की कुंडीतली माती ओली करून पारदर्शक पिशवीत बांधायची आणि मे-जूनभर गच्चीत उन्हात ठेवायची. "दिल्लीचं ऊन आपल्याला उगाच भाजतं. ह्या वेळी त्यांनाही भाजू दे."

घरी आल्यावर त्यांनी चोराची कुंडी कुकरमध्ये रिकामी केली आणि भरपूर शिट्ट्या काढल्या. कुठला कुकर हे मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुझा. माझा लहान आहे."

गावी जाऊ नका म्हणून सुभेदारांचं मन वळवायला बाईंना दोन फेऱ्या कराव्या लागल्या. शेवटी ते म्हणाले, "ठीक हाय. दसऱ्यापर्यंत बघतो. माती सुधारली तर ऱ्हातो, न्हाई तर गाव." गोदामवाल्यालाही त्यांनी तेवढंच सांगितलं.

त्या मे महिन्यात बाईंनी मानेसरला मुक्कामच ठोकला. वाफे नांगरून, भिजवून त्यांवर पारदर्शक प्लास्टिक ताणायचं आणि कडा मातीत गाडायच्या, म्हणजे आतली माती तापते आणि गाठीवाले किडे बऱ्याच प्रमाणात मरतात. पारा चढला की सगळी दिल्ली हाय हाय करायची आणि बाई मला फोन करून सांगायच्या, "आज काय सुंदर लू आहे!" डोक्यावर ओला पंचा, वर छत्री, हातात मातीत खुपसायचा थर्मामीटर, अशा त्या प्लास्टिकच्या कडेने फेऱ्या मारत. शेजारच्या कारखान्याच्या बसमधले कामगार खिडकीतून हात करायचे.

पण एका संध्याकाळी मी गेले तर त्या उदास बसलेल्या. "चांगलेही मरतायत गं. ऊन काही ओळख विचारत नाही. जिवाणू खाणारे, शिकारी, सगळे जातायत माझ्या हाताने." मी पहिल्यांदाच ह्या अदृश्य प्राण्यांसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी बघत होते आणि मला ते हास्यास्पद वाटलं नाही. जुलैत प्लास्टिक काढल्यावर त्यांनी बांधावरच्या जुन्या कडुनिंबाखालची माती आधी तपासली, चोर नाहीत ह्याची खात्री करून घेतली, मग ती टोपल्यांनी वाफ्यांवर पसरली. "वस्ती पुन्हा बसवायची तर चांगली माणसं आणून ठेवायला हवीत. रिकामं घर चोरालाच सापडतं." वर शेणखत, निंबोळी पेंड. आणि सगळीकडे झेंडू, कारण झेंडूच्या मुळांशी ह्या किड्यांचं जमत नाही. झेंडूच्या ओळींमध्ये मधूनमधून एकेक टोमॅटो लावला. विकायला नव्हे, साक्ष द्यायला. मातीत किडे उरले असतील तर टोमॅटोची मुळं लपवणार नाहीत.

मंडळाच्या बायका श्रावणात एका रविवारी बस करून शेत बघायला गेल्या. सेक्रेटरीबाईंनी सुभेदारांची माफी मागितली ती जरा मोघमच, पण मागितली. आणि दसऱ्याच्या तोरणांचा झेंडू त्यांच्याकडूनच, असं जाहीर केलं. बाई मला कानात म्हणाल्या, "फुलं ठीक आहेत. मुळं काय म्हणतात ते महत्त्वाचं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेतावर गेलो. पिवळा-भगवा झेंडू नुसता पसरला होता, टेम्पोत पोती चढत होती. सुभेदारांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते ताठ उभे होते, परेडला उभं राहावं तसे. बाई पहिल्या टोमॅटोपाशी वाकल्या, खोडाला हात घातला आणि तशाच थांबल्या. आयुष्यभर मुळं उपटलेला तो हात पुढे होईना.

"मला नाही बघवत," त्या म्हणाल्या आणि भिंग वहिनींच्या हातात दिलं. "तुम्ही बघा, शालन. खरं तेच सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही."

वहिनींनी रोप उपटलं. झटकलं. बाईंनी शिकवलं होतं तसं मुळं पाण्यात बुडवून काढली आणि भिंगाखाली धरली. 

"पांढरी हायती."

दुसरं. "पांढरी. तंतू बी हायती बारीक."

तिसरं, चौथं. वहिनींचा आवाज दर रोपाला जरा मोठा होत गेला. बाई पाठमोऱ्याच होत्या. शेवटी हळदीच्या कोपऱ्यातलं रोप उरलं. ते वहिनींनी उपटलं. मुळं धुतली, बघितली, परत धुतली, परत बघितली.

"बाई, हितं हायत गाठी."

"किती?"

"दोन. एवढ्याशा, मोहरीवानी."

"दोनच? नीट बघा."

"नीटच बघितलं. दोनच. बाकी सगळं पांढरं."

बाई वळल्या. रोप हातात घेतलं, चष्मा वर करून मुळांकडे बघत राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "दोन राहू देत," त्या म्हणाल्या. "समूळ कुणी जात नसतं. आता बाकीची वस्ती त्यांना बघून घेईल. ह्या कोपऱ्यात अजून वर्षभर झेंडूच. बाकी वाफे तुमचे, सुभेदार. संक्रांतीच्या रोपांचं बी टाका."

 सुभेदार जरा बाजूला गेले, खिशातून फोन काढला आणि गावी भावाला लावला. शेतातला माणूस शेतातल्या आवाजात बोलतो, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, ती माडीवरची खोली आमच्यासाठी ठिवली व्हतीस न्हवं? दिऊन टाक कुणाला बी भाड्यानं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. सुभेदारांनी एकदा वाफ्यांकडे बघितलं, एकदा बाईंकडे. "न्हाई, न्हाई, सगळं बरं हाय. आमी काय आता येत न्हाई. हितंच हाय आमी."